लेखनसीमा

जुन्या मराठी कागदपत्रांचा ज्यांना थोडाबहुत परिचय आहे, त्यांस पत्राच्या अखेरीस उमटविलेला एक लहानसा शिक्का ठाऊक असेल. माथ्यावर थोरली मुद्रा आणि मजकूर जेथे संपला तेथे हे मोर्तब, असा तो रिवाज. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असत. पुढील काळातील पुष्कळ मोर्तबांवर नुसते ‘लेखनसीमा’ एवढेच आढळते. आपण रोजच्या बोलण्यात ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो त्यातले मोर्तब ते हेच. यामागील हेतू अगदी व्यवहारी होता. धन्याची आज्ञा जेथे संपली तेथे ती संपली. तिच्याखाली कोणा आगंतुकाने आपल्या पदरची ओळ घुसडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

ही लेखनसीमा लिहिणारा आपल्या हाताने घालीत असे. प्रथम मजकूर, मग सीमा. अलीकडे आमच्या पाहण्यात जी लेखनसीमा येते तिचा क्रम नेमका उलटा आहे. सीमा वाचणाऱ्याने आधीच आखून ठेवलेली असते आणि लिहिणाऱ्याने आपले अवघे आयुष्य उचलून तिच्यात बसवावयाचे असते. अमेरिकेतील नामांकित बिझनेस स्कुलांत प्रवेश मागणाऱ्या तरुणांना अर्जाबरोबर जे निबंध लिहावे लागतात, त्यांच्याविषयी आम्ही बोलत आहो.

पुण्यातील मध्यमवर्गीय घरांना हा विषय आता परका राहिलेला नाही. हिंजवडीस किंवा खराडीस चारपाच वर्षे नोकरी केलेला एखादा मुलगा वा मुलगी जवळपास प्रत्येक आप्तवर्तुळात असते, आणि तिच्या मनात ‘पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहिलेला असतो. पहिल्या फेरीचे अर्ज सप्टेंबरात जावयाचे. म्हणजे ऐन गणपतीच्या सुमारास घरात एकीकडे मोदकांची उकड आणि दुसरीकडे शब्दांची मोजदाद असा प्रकार चाललेला असतो. परीक्षेतील गुणांची चिंता तोवर मिटलेली असते. चिंता उरते ती या निबंधांची.

मर्यादा तरी किती असाव्यात? हार्वर्डच्या शाळेने काही वर्षे निबंधास शब्दांचे बंधनच ठेवले नव्हते. तुमच्याविषयी आणखी काय सांगावयाचे ते सांगा, असा तिचा मोकळा प्रश्न असे. पुढे तेथे ९०० शब्दांची मर्यादा आली, आणि २०२४ साली त्या एका निबंधाचे तीन झाले: पहिला ३०० शब्दांचा, उरलेले दोन अडीचअडीचशेंचे. स्टॅनफर्डची शाळा विचारते की, तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय, आणि का? जो प्रश्न ऋषिमुनींनी अरण्यात बसून आयुष्यभर सोडविला, त्याच्या उत्तरास २०२४ सालच्या अर्जात ६५० शब्द दिलेले होते, आणि आमचीच शाळा का, या प्रश्नास ३५०. मोक्षाच्या निम्म्याहून अधिक जागा शाळेस मिळाली, हे पाहून आम्हांस गंमत वाटली.

या मर्यादांचा आमच्या मुलांना इतका जाच का व्हावा? आमच्या मते याचे एक कारण त्यांच्या शिक्षणात आहे. आपल्याकडे परीक्षेच्या मंडपातून बाहेर पडणारा विद्यार्थी पहिल्याने काय विचारतो? ‘किती पुरवण्या लावल्यास?’ ज्याने अधिक पुरवण्या जोडल्या तो अधिक जाणतो, असा समज लहानपणापासून हाडीमाशी खिळलेला असतो. मोठेपणी सभासमारंभातही तेच. ‘मी आपल्यापुढे फक्त दोन शब्द बोलणार आहे’ असे म्हणून उठलेला वक्ता पाऊण तासाने बसतो, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ज्या गावात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या गावच्या रक्तातच बोलणे आणि ऐकणे आहे. अशा गावच्या मुलास कोणी सांगितले की, तुझे म्हणणे अडीचशे शब्दांत आटप, तर त्यास तो आपला अपमान वाटल्यास नवल नाही.

दुसरे कारण भाषेचे आहे. मराठीत आपण ‘घरातल्यांनासुद्धा’ असे म्हणतो आणि एका शब्दात काम होते. हेच इंग्रजीत सांगू गेल्यास सहा शब्द खर्ची पडतात. आपल्या विभक्त्या आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून चालतात. इंग्रजीत तीच मंडळी स्वतंत्र चूल मांडून बसतात आणि प्रत्येकीची शिरगणती होते. त्यामुळे ज्याच्या मनात मराठी वाक्य आधी उगवते, त्याचा निबंध इंग्रजीत उतरताच फुगतो. मग घाबरून तो ती बारीक बारीक अव्यये उपटू लागतो आणि निबंधाची तार होते. तारेची सेवा आपल्या देशात २०१३ च्या जुलैत बंद झाली. परंतु ‘निघालो, उद्या पोहोचतो’ या थाटाचे लिहिणे या अर्जांतून अद्याप जिवंत आहे. तारेत प्रत्येक शब्दास पैसे पडत, म्हणून तेथे कृपणपणा शहाणपणाचा होता. येथे शब्दांचा दाम कोणी मागत नाही. फक्त पेटी लहान आहे. लहान पेटीत कपडे कोंबण्याने ते चुरगळतात एवढेच. काही कपडे घरीच ठेवावे लागतात.

घरी काय ठेवावे, हा खरा प्रश्न. आणि तो भाषेचा नसून मनाचा आहे, हे आमच्या ध्यानात आले ते आमच्या भाच्यामुळे.

हा भाचा अभियंता. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो कागदांची चळत घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘मामा, हे साडेसहाशेत बसव.’ आम्ही शब्द मोजले. ते अकराशे चाळीस भरले. आरंभी एका अमेरिकन कारखानदाराचे सुवचन होते. मग शाळेतील बक्षिसे, महाविद्यालयातील यंत्रमानवांची स्पर्धा, सिंहगडाच्या वाटेवर पाय मुरगळलेल्या मित्रास खाली आणल्याची हकिकत व तीवरून काढलेले नेतृत्वाचे तात्पर्य, कचेरीतील कामांची यादी, आणि शेवटी त्या शाळेची, तिच्या प्राध्यापकांची व तिच्या ग्रंथालयाची स्तुती. मध्येच कोठेतरी एक ओळ होती की, लहानपणी घरच्या आर्थिक अडचणींमुळे मला पैशाचे मोल कळले.

आम्ही त्यास विचारले, ‘यातले तुझ्यावाचून दुसऱ्या कोणास लिहिता येणार नाही असे काय आहे?’ त्याने पुष्कळ विचार केला. सुवचन कारखानदाराचे होते. बक्षिसे अर्जाच्या दुसऱ्या पानावर आलेलीच होती. सिंहगडावर पाय मुरगळलेले मित्र पुण्यात घरोघर आहेत. शाळेची स्तुती शाळेस पाठ आहे. आणि शाळा का निवडली हे सांगावयास दुसरा निबंध होताच. शेवटी त्याचे बोट त्या एका ओळीवर येऊन थांबले.

त्या ओळीमागची हकिकत आम्हांस ठाऊक होती. २००९ साली भावोजींचा पिंपरीकडील कारखाना बंद पडला. पुढील तीन वर्षे ताईने डबे करून दिले आणि भावोजींनी पेठेतील दुकानदारांच्या वह्या लिहिण्याचे काम पत्करले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा, गणितात हुशार, संध्याकाळी वडिलांच्या शेजारी बसून बेरजा पडताळून पाही. एके दिवशी वाण्याच्या वहीतील उधारीची पाने चाळून त्याने मोठ्या उत्साहाने एक यादी केली. कोणत्या गिऱ्हाइकाने किती महिने पैसे दिले नाहीत, कोणाचे सामान उद्यापासून बंद करावे, म्हणजे दुकानाचा किती फायदा होईल, हे सर्व त्याने आखून दाखविले. भावोजींनी यादी वाचली आणि शांतपणे म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे. सातवे नाव कोणाचे ते पाहिलेस का?’ सातवे नाव त्यांचेच होते.

ही गोष्ट त्याच्या अकराशे चाळीस शब्दांत नव्हती. तिच्या जागी ‘आर्थिक अडचणी’ हे दोन निर्जीव शब्द होते. तो आता जो विषय शिकू पाहत होता, तो लहान दुकानदारांस व लहान गिऱ्हाइकांस मिळणाऱ्या कर्जाचा. त्याचे मूळ त्या सातव्या नावात होते, हे त्यास स्वतःसही त्या दिवशीच प्रथम स्पष्ट झाले असावे. तो बराच वेळ काही बोलला नाही.

नवा मसुदा घेऊन तो घरी गेला, आणि खरा पेच तेथे उभा राहिला. ताईने तो वाचला आणि तिचा चेहरा उतरला. तिचा फोन आम्हांस आला. ‘तूच सांग रे याला. बक्षिसे काढून टाकायची आणि वाण्याची उधारी तेवढी जगजाहीर करायची, हा कुठला शहाणपणा? इतकी वर्षे मी कोणाला कळू दिले नाही.’ तिचे म्हणणे आम्हांस उडवून लावता येईना. उधारी फेडून कित्येक वर्षे झाली तरी तिची लाज फिटत नाही, हे मध्यमवर्गाचे दुखणे आम्हीही जाणतो. त्या निबंधातील गोष्ट मुलाची होती हे खरे. पण ती त्याच्या एकट्याची नव्हती. तीन माणसांचे आयुष्य एकाने साडेसहाशे शब्दांत मांडावयाचे, तर उरलेल्या दोघांस विचारावयास नको काय?

निकाल भावोजींनी दिला. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी मुलाकडून निबंध मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला, आणि परत देताना म्हणाले, ‘राहू दे. खरे आहे ते. फक्त वाचणाऱ्याला माझी दया यावी असे काही लिहू नकोस.’

ही एक अट शब्दमर्यादेपेक्षा कितीतरी कठीण होती, आणि निबंध जर कोणी घडविला असेल तर तिनेच. दया मागणारी सर्व विशेषणे गेली. ‘दुर्दैवाने’ गेले, ‘कसेबसे’ गेले, ताईच्या डब्यांवरचा एक हळवा परिच्छेद गेला. वाण्याची वही म्हणजे काय, हे परदेशी वाचकास समजावून देण्यात मात्र पंचवीस शब्द खर्च झाले. कागद नाही, सही नाही, व्याज नाही. केवळ ओळखीवर महिना काढू देणारी ती संस्था. ‘एवढे शब्द देऊ का, मामा?’ असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, ‘दे. बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे.’ अखेर निबंध सहाशे तीसांत संपला आणि वीस शब्द शिल्लक राहिले. त्या वीसांत एखादे बक्षीस बसविण्याचा मोह त्यास झाला. पण तो त्याने आवरला.

या सर्व खटाटोपातून आम्हांस जे उमगले ते असे. शब्दमर्यादा थोडक्यात लिहावयास सांगते, हा समज अपुरा आहे. ती निवड करावयास सांगते. थोडक्यात लिहिणे हे कौशल्य आहे, ते दुसऱ्याकडून उसने आणता येते. निवड उसनी आणता येत नाही. हल्ली अकराशे शब्दांचे साडेसहाशे करून देणारे सल्लागार पुण्यात आहेत, आणि क्षणार्धात तेच करून देणारी यंत्रेही आहेत. यंत्र प्रत्येक परिच्छेदातून समप्रमाणात छाटते. बक्षिसेही थोडी ठेवते, सिंहगडही थोडा ठेवते, आणि ‘आर्थिक अडचणी’ तर हमखास ठेवते. काटछाट बिनचूक होते. पण सातवे नाव त्याच्या हाती लागत नाही, कारण ते मूळ मसुद्यात नसतेच.

याचा अर्थ ही पद्धत निर्दोष आहे असा मुळीच नाही. ज्याचे इंग्रजी घरातूनच तयार झाले त्यास त्या साडेसहाशे शब्दांत जेवढे मावते, तेवढे तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेल्या मुलास माववता येत नाही. पेटी सर्वांस सारखी दिली म्हणून प्रवास सर्वांचा सारखा होत नाही. महाग सल्लागार ज्यास परवडतो त्यास एक हात अधिक असतो, हेही उघड आहे. तथापि मर्यादा काढून टाकल्याने हा अन्याय दूर होईल असे आम्हांस वाटत नाही. मोकळ्या मैदानात ज्यास अधिक बोलता येते तोच पुढे जातो. अरुंद वाटेवर निदान सर्वांस सावकाश चालावे लागते.

गाळणे म्हणजे फेकून देणे नव्हे, याचा धडा तर पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. पुढे १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. एकंदर १,२५९ हस्तलिखिते धुंडाळून, लोकांच्या तोंडी असलेले कित्येक श्लोक, कित्येक लाडकी आख्याने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ संहितेतून बाजूस काढली. १९६६ साली काम पुरे झाले. परंतु बाजूस काढलेला एकही श्लोक त्यांनी टाकून दिला नाही; तो पानाच्या तळाशी टीपेत किंवा परिशिष्टात जपून ठेवला. संहितेत काय असावे आणि टीपेत काय असावे, एवढाच तो विवेक. अर्जाचेही असेच आहे. बक्षिसांना माहितीपत्रक आहे, कामाच्या यादीस शिफारसपत्रे आहेत, नोकरीत खंड पडला असल्यास त्याचे कारण सांगावयास वेगळा ऐच्छिक निबंध असतो, आणि उरलेले मुलाखतीत बोलता येते. सारे काही संहितेतच घुसविण्याचा हट्ट सोडला की, मर्यादेचा निम्मा जाच आपोआप कमी होतो.

आणि असा अर्ज लिहिणारी आमची ही पिढी पहिली नव्हे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर, पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो तो निश्चय, आणि आपल्या देशातील आजारी स्त्रियांस खरी वैद्यकीय मदत देण्याचा हेतू, हे त्या पत्राचे सार. शब्दांची मर्यादा त्यांस कोणी घातली नव्हती. अठरा वर्षांच्या त्या मुलीजवळ दुसरे सांगण्यासारखे नव्हते असेही नाही. समुद्र ओलांडून गेलेल्या ब्राह्मण स्त्रीजवळ सांगण्यासारखे केवढे तरी होते! पण अर्जास जे हवे तेवढेच त्यात आले. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या, आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत पुण्यातच वारल्या. त्यांचा निश्चय आजही त्या पत्रात वाचता येतो.

अमेरिकेतीलच आणखी एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. १८६३ च्या नोव्हेंबरात गेटिसबर्गच्या रणभूमीवर एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. त्यांच्यामागून लिंकन उठले आणि सुमारे पावणेतीनशे शब्दांत खाली बसले. हे एव्हरेट पूर्वी हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांचे व्याख्यान आज हार्वर्डच्याच अर्जात बसणार नाही, लिंकनचे बसेल. एव्हरेटांचा मोठेपणा असा की, दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून त्यांनी लिंकनच्या त्या थोडक्या शब्दांचे श्रेष्ठत्व मान्य केले.

आमच्या भाच्याच्या अर्जाचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. एका शाळेने नकार कळविला. दुसरीने मुलाखतीस बोलाविले, आणि तेथे परीक्षकाने पहिलाच प्रश्न त्या वाण्याविषयी केला: त्याने तुमच्याकडून वसुली का केली नाही? मुलगा त्यावर वीस मिनिटे बोलला. नकार देणाऱ्या शाळेनेही तोच निबंध वाचला होता, तेव्हा यावरून काही सिद्धांत काढण्यात अर्थ नाही. एवढे खरे की, थोडे सांगितले होते म्हणून विचारण्यास जागा उरली होती.

ताईचे पूर्ण समाधान मात्र अद्याप झालेले नाही. अकराशे चाळीस शब्दांचा पहिला मसुदा तिने मागून घेतला आणि मुलाच्या शाळेच्या प्रशस्तिपत्रांबरोबर कपाटात ठेवला. त्यात सारी बक्षिसे आहेत, सिंहगड आहे, यंत्रमानव आहे. पाहुणे आले म्हणजे दाखवावयास तो बरा पडतो. दुसरा मसुदा भावोजींच्या जुन्या हिशेबाच्या वहीत घडी करून ठेवलेला आहे, आणि तो कोणास दाखवावयाचा नाही, असे दोघांचे ठरले आहे.